बारकीबाय भट्टीला गेली नाही

बारकीबायला कामावर घेतलं त्या दिवशी तिनं आमच्या कार्यवाहांना एकच गोष्ट स्वच्छ सांगितली होती: "मला बागंतलं काय ठाव नाय." खोलीत आम्ही चौघे होतो. चौघांपैकी कोणीही ते ऐकलं नाही. मी तर मुळीच नाही.

किन्हवलीहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं मी दीड वर्ष संध्याकाळी मराठी शिकवत होते आणि दोन कपाटांचं वाचनालय सांभाळत होते. वसतिगृहाच्या बाजूला, रस्त्यालगत अर्ध्या एकराची बाग होती, म्हणजे कधीकाळी होती. ज्या बाईंनी हे वसतिगृह काढलं त्यांनी ती लावलेली. बाई वारल्या आणि दहा-बारा वर्षांत बागेचं रान झालं. घाणेरी पुरुषभर उंच, रानमोडी त्याहून उंच, चिकूच्या झाडावर वेलींचा मांडव आणि विहिरीचा काठ कुठे आहे तेही दिसेना. मुलींना तिकडे जायची बंदी होती, कारण एकदा पायरीवर फुरसं निघालं होतं.

समितीनं एका वर्षासाठी माळी नेमायचं ठरवलं. कार्यवाह सदानंदसर निवृत्त शिक्षक. त्यांना शहापूरच्या एखाद्या रोपवाटिकेतला जाणता माणूस हवा होता. मी पेटून उठले. रस्त्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी आहे, तिथल्या बायका दरवर्षी दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. काम त्यांनाच मिळालं पाहिजे, असं मी म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, दोन पानांचं निवेदन लिहिलं. मी अशाच घरात वाढले आहे. वडील आसनगावच्या कारखान्यात आणि कामगारांच्या संघटनेत. आमच्याकडे वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. अक्षरं मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली आणि पुढल्या बाजूची वाक्यं वाचत मोठी झाले. निवेदनातलं माझं आवडतं वाक्य होतं: 'ज्यांचे हात जन्मभर मातीत आहेत, त्यांना माती शिकवण्याची गरज नाही.'

सरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले की ठीक आहे, एप्रिलच्या वार्षिक सभेपर्यंत बघू. तोवर बाग उभी राहिली तर ही बाई कायम. नाही तर शहापूरचा माणूस.

अशी बारकीबाय आली. मेच्या शेवटी, भट्टीवरून परतल्याला चार दिवसही झाले नव्हते. पन्नाशीची असेल. अंगानं काटक, बुटकी, कोपरापर्यंत गोंदलेली. पायात चप्पल नाही, कमरेला कोयता. बागेत पाऊल टाकण्याआधी तिनं काठीनं जमीन बडवली आणि झुडपांना उद्देशून म्हणाली, "उठा बाबा, आमी आलो." ही तिची रोजची रीत. साप असो, सरडा असो, मुंगूस असो, आधी सांगायचं आणि मग कापायचं. कुणाच्या घरात शिरताना खाकरतो तसं.

पहिल्या आठवड्यात मीही कोयता घेऊन मदतीला गेले. श्रमाला कमी लेखायचं नाही हे मी पत्रकांतूनच शिकले होते. चिकूवरचा एक वेल दिसला, त्याला सुकलेल्या भुऱ्या शेंगांचे झुबके. दोन्ही हातांनी धरून मी तो ओढला. बारकीबाय ओरडेपर्यंत उशीर झाला होता. ती खाजकुयली होती. पुढचा तासभर मी नाचत होते. तिनं मला ओढत नेलं, वाटेवरचं ताजं शेण उचललं आणि मानेपासून मनगटापर्यंत लिंपलं. भिंतीवरून मुली बघत होत्या, त्यांना हसू आवरेना. शेण वाळेपर्यंत हलू नको, असं मला बजावून बारकीबाय दगडावर बसली, मिश्री लावली आणि म्हणाली, "कागद वाचतंस ना गो? त्याच्यात लिवलेला नाय का, कंचा वेल धरू नये?"

ती मोठ्यानं कधी हसत नसे. डोळे बारीक करायची, की समजायचं.

तिची दुसरी खोड म्हणजे कुठल्याही झाडापुढे उभी राहून विचारायची, हे किती दिवसांचं? आमच्याकडे भात दिवसांवर ओळखतात. नव्वद दिवसांचं, सवाशे दिवसांचं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात भात लावलं होतं आणि कापलं होतं, आणि कापून झालं की ट्रकमध्ये बसली होती. तिची शेती जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपायची. चिकू किती दिवसांचा, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, बाईंनी लावला त्याला तीस वर्षं झाली असतील. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतेय. मग म्हणाली, तीस वर्षं त्याच्यापाशी ऱ्हायला कोन? वाडीतला आंबा मोहरलेला तिनं लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. त्या दिवसांत ती भिवंडीच्या बाजूला विटा थापत असायची.

घाणेरी मुळासकट निघायला जुलै उजाडला. विहिरीचा काठ दिसला, एक फुटकं दगडी बाक सापडलं आणि बाकामागे, काटेरी जाळीच्या आत, मोगऱ्याची अकरा झुडपं. पानं पिवळी, फांद्या वेड्यावाकड्या वाढून जमिनीवर लोळत होत्या, पण जिवंत. सर मुद्दाम बघायला आले. त्यांनी वाकून एक पान चोळलं. तरुणपणी बाईंच्या हाताखाली इथं पाणी घातलं होतं, असं त्यांनी जाताना सांगितलं. त्यानंतर या माणसावर मनापासून चिडणं मला जड जाऊ लागलं.

त्याच सुमारास मी बारकीबायला विचारलं, फुलं आली की कसं वाटेल? मला वाटलं होतं, ती काहीतरी लिहून ठेवण्यासारखं बोलेल.

"फुलाचं मला काय?" ती म्हणाली. "ही नोकरी असली तर मी भट्टीला नाय जानार. मी ऱ्हायले तर रंजी ऱ्हाईल."

रंजी तिची नात, तिसरीत. आई-बाप भट्टीवर गेले की तिलाही जावं लागे, मागे सांभाळायला कोणी नाही म्हणून. शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर तिच्या नावापुढे नुसत्या रेघा. दुसरीचं अर्धं पुस्तक तिनं पाहिलंच नव्हतं. मुलगा काळू आणि सून यांना भट्टीशिवाय गत नव्हती. म्हातारी मागे राहिली तरच पोर मागे राहील, असा साधा हिशेब होता. मी मात्र तोवर या बागेकडे माझ्या निवेदनाची कसोटी म्हणूनच बघत होते.

श्रावणात समितीनं मोगऱ्याची चाळीस रोपं आणली, काळ्या पिशव्यांतली, तजेलदार. मी त्या दिवशी शहापूरला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर बारकीबाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तिनं चांगला वाफा केला होता. चारी बाजूंनी बांध घातलेला, पाणी तुंबवलेलं, चिखल तुडवून लोण्यासारखा केलेला. आणि रोपं? आदल्या संध्याकाळी तिनं सगळ्या पिशव्या फाडल्या होत्या. मुळांवरची माती पायावर झटकून, हौदात धुऊन, पाच-पाच रोपांच्या मुठी केळीच्या सोपटानं बांधल्या होत्या आणि पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या. भाताची रोपं लावतात, अगदी तशी. आता ती मूठ सोडत होती आणि मागे सरकत, वाकून, वीत-वीत अंतरावर मोगरा लावत होती. सरळ रेषेत. दोरी न लावता इतकी सरळ रेष मी कधी पाहिली नव्हती. मुली बांधावर बसून गाणी म्हणत होत्या. मी फोटो काढले. रात्री भित्तिपत्रकासाठी मजकूर लिहिला, त्यात 'परंपरागत ज्ञान' हे शब्द तीनदा आले.

आठ दिवसांत पानं पिवळी पडली. पंधराव्या दिवशी चिखलात चाळीस काड्या उभ्या होत्या. सर आले, बघितलं, आणि मला एवढंच म्हणाले, "मी म्हणत होतो, जाणता माणूस हवा." बारकीबायशी ते बोललेच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी तिची समजूत घालायला गेले. ती फुटक्या बाकावर न बसता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही. ज्यांनी तुला शिकू दिलं नाही त्यांची चूक आहे, या सगळ्या व्यवस्थेची चूक आहे. ती ऐकत राहिली. मग सावकाश म्हणाली,

"चूक माजी हाय. आनि तुजी पन हाय. पयल्या दिशी मी काय बोलले? मला बागंतलं काय ठाव नाय. तू हसलीस."

मी खरंच हसले होते. मला तो विनय वाटला होता.

"मूठ बांदायला मला आयशीनं शिकवलं," ती म्हणाली. "चार वर्सांची होते. हे मला कोनी शिकवलं? तू पन नाय, त्यो सर पन नाय. मंग मला जे येतं तेच मी केलं."

निवेदनातलं ते वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं, एक-एक शब्द.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, संपलं. पाचव्या दिवशी रंजीला विचारलं तर कळलं, आजी रोज सकाळच्या एसटीनं शहापूरला जाते. मी शोधत गेले. शहापूरच्या बाहेर एक रोपवाटिका आहे, तिथं शेडच्या सावलीत सात-आठ बाया पिशव्या भरत होत्या आणि त्यांच्यात बारकीबाय. पहिल्या दिवशी म्हणे ती दाराशी नुसती बसून राहिली. मालकानं हटकलं तर म्हणाली, बघते. दुसऱ्या दिवशी एका बाईनं तिला पिशवीत माती भरायला दिली. चौथ्या दिवशी ती दाब कलम करत होती. फांदी वाकवायची, साल थोडी खरवडायची, मातीत दाबून वर दगड ठेवायचा. फांदी झाडाचीच राहते आणि खाली मुळं धरते.

मी तिला बाजूला घेतलं. तुला इथं मजुरी मिळते का? नाही. चार दिवस फुकट राबवून घेतलं? मी तिथल्या तिथे मालकाशी बोलायला निघाले. तिनं माझा दंड धरला.

"गप गो," ती म्हणाली. "तू शिकलीस तवा तुज्या बापानं फी भरली का नाय? मी बिनफीची शिकतंय. माजी शाळा बंद करू नको."

शेडमधल्या सगळ्या बाया हसल्या. एकीनं मला चहा दिला. तो पिऊन मी मुकाट्यानं परतले.

ती आली ती वेगळीच होऊन. विकतची रोपं आता मिळणार नव्हती, म्हणून तिनं बाईंच्या अकरा झुडपांच्या लोळणाऱ्या फांद्याच मातीत दाबल्या. प्रत्येकीवर दगड. बाग लहान मुलांनी खेळ मांडल्यासारखी दिसायला लागली. तुंबलेल्या वाफ्याचे बांध तिनं स्वतः फोडले, पाण्याला वाट काढून दिली आणि मेलेल्या काड्या एकेक उपटून मुळं निरखली. फेकण्यापूर्वी प्रत्येक मूळ बोटांत धरून बघायची.

दिवाळी झाली. वाडीवर सकाळी ट्रक आला. मी रस्त्यावरच होते. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं चढत होती. काळू आणि सून चढले. मुकादमाला बारकीबाय रस्त्याच्या कडेला उभी दिसली, रंजीचा हात धरून. वीस वर्षं तो तिला नेत होता.

"चढ गो बारके, टाइम नाय," तो म्हणाला. ती नाही येत म्हटल्यावर त्यानं बागेकडे मान वळवली. तिथं काय दिसणार? दगड आणि पिवळट झुडपं. "फुलं खानार काय?"

"तुज्या विटा खाऊन झाल्या," बारकीबाय म्हणाली. "आता फुलं खाऊन बगते."

ट्रकमधली माणसं हसली, सून तोंडावर पदर घेऊन रडली, आणि ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग रंजीला शाळेकडे ढकललं आणि बागेत गेली. त्या दिवशी जमीन बडवायला विसरली, हे मी पाहिलं.

खरी परीक्षा पुढेच होती. मार्गशीर्षात तिनं मोगऱ्याचं पाणी तोडलं. एकदम बंद. पौषात कोयत्याला धार लावली आणि बाईंची अकराच्या अकरा झुडपं गुडघ्याखाली छाटून टाकली. उरलेली पानंही हातानं ओरबाडली, बुंध्याची माती उकरून मुळं उन्हाला उघडी पाडली. तोवर मुळं धरलेली नवी रोपं तिनं मातीच्या गड्ड्यासकट हलवली होती, तेवढीच काय ती हिरवी. मधोमध अकरा खुंट. सर आले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बाईंचा मोगरा, असं दोनदा म्हणाले. बारकीबाय सांगत होती की रोपवाटिकेत असंच करतात, झाडाला तहान लागू द्यायची, मग पाणी द्यायचं, मग ते फुटतं. सरांना ऐकू येत नव्हतं. एप्रिलच्या सभेत विषय ठेवतो, एवढं बोलून ते गेले.

आणि मी? मी तिच्या बाजूची, निवेदनं लिहिणारी. मला धीर धरवला नाही. एका दुपारी ती जेवायला गेली असताना मी कडेच्या एका खुंटाला बादलीभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक तरी वाचू दे, असं मनाशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्या खुंटाशेजारी एक लांबट दगड उभा केलेला होता.

"ते तुजं," बारकीबाय म्हणाली आणि खुरपणी करायला लागली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

माघात तिनं शेणखत घातलं आणि पाणी सोडलं. पंधरा दिवस काहीच नाही. रंजी रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन तिसरीचं पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि बारकीबाय खिडकीबाहेर पाठमोरी बसून ऐकायची. एका सकाळी तिनं मला हाक मारली. खुंटांवर तांबूस हिरवे डोळे फुटले होते, माझं सोडून बाकी दहाही झुडपांवर. शिमग्यापर्यंत त्यांना कळ्यांचे घोस आले. माझ्या झुडपाला पानंच पानं. सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं, आणि मोजून सहा कळ्या. मुली त्याला माझं नाव देऊन मोकळ्या झाल्या.

वार्षिक सभा सकाळी दहाला होती. बारकीबायच्या बाजूनं बोलायला मी तीन पानी भाषण लिहून नेलं होतं. सर आणि समितीचे लोक आधी बागेत गेले. मीही मागोमाग. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पाहिलेली बाग, सगळीकडे पांढरी टपोरी कळी, आणि आता झुडपांवर एकही नाही. नुसती हिरवी पानं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून गेले. कोणी चोरली की काय?

बारकीबाय विहिरीमागून आली. डोक्यावर टोपली. "कळी पहाटेला तोडायची," ती सांगू लागली. "झाडावर उमलली की वास गेला." टोपलीत ओल्या फडक्याखाली मोगरा होता, अजून मिटलेला. तेवढ्यात शाळेला निघालेल्या मुली ओळीनं बाहेर पडल्या, साठच्या साठ, प्रत्येकीच्या वेणीत गजरा. समितीतले एक गृहस्थ उगाच खोकले.

सरांनी टोपलीत हात घातला. एक कळी तळहातावर घेतली. मग त्यांनी विचारलं, "बारकीबाई, आणि हा फुललाच नसता तर? काय केलं असतं तुम्ही?"

मी भाषणाची पानं काढली. गरज पडली नाही.

"तर पुढल्या साली फुलला असता," ती म्हणाली. "मी काय कुटं जाते?"

तिला त्यात विशेष काही बोलल्यासारखं वाटलं नसावं. टोपली सावलीत ठेवायला ती निघून गेली. सभेत तो विषय दोन मिनिटांत संपला.

महिन्याभरानं मला कल्याणला नोकरी लागली. निघाले त्या दिवशी रस्त्यावर बॅग घेऊन एसटीची वाट बघत होते. बारकीबाय आणि रंजी माझ्याशेजारी उभ्या होत्या, पण मला निरोप द्यायला नव्हे. भट्टीवरून ट्रक यायचा होता. वीस वर्षं ती त्या ट्रकमधून उतरणारी होती. कुणाला घ्यायला उभं राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. पदर दोनदा सारखा केला तिनं.

ट्रक थांबला. काळू उतरला, सून उतरली. विटांच्या लाल धुळीनं दोघांच्या भुवया आणि केस एकाच रंगाचे झाले होते. सूनबाई रंजीला न्याहाळतच राहिली. पोर चांगली बोटभर वाढली होती आणि आईपुढे एकदम लाजली होती. बारकीबायनं सुनेच्या डोक्यावरचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. वाडीत अजून टँकर आला नव्हता, बागेतल्या विहिरीला पाणी होतं. म्हणून त्यांना घेऊन ती वसतिगृहाच्या फाटकातून आत गेली, आधी हातपाय धुवायला.

माझी एसटी आली. चढता चढता मी मागे वळून पाहिलं. भागलेला काळू विहिरीकडे सरळ निघाला होता, मधल्या मोगऱ्यातून, धुळीनं भरलेल्या पायांनी. डोक्यावर गाठोडं तसंच, एक हात वर करून बारकीबायनं त्याला अडवलं. तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

"वाफ्यातनं नाय रे. कडंकडंनं ये."

आणि तिघंही, एकामागोमाग एक, कडेकडेनं तिच्या मागून गेली.